दालीची रेघ, फूटभर अंतरावरून

मुद्राचित्र लांबून बघू नये. अगदी जवळ जावं आणि आधी चित्र सोडून कागद न्याहाळावा. चित्राभोवती चौकोनी दाब उमटलेला असतो, आतला कागद किंचित खाली बसलेला असतो. हा तांब्याच्या पत्र्याचा ठसा, कारण चित्र त्याच पत्र्यावरून छापलेलं असतं. कोपरगावात एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांच्या मुलांना शिकवताना मी हे फळ्यावर आकृती काढून सांगत असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंडिया हॅबिटॅट सेंटरमध्ये साल्वादोर दालीच्या चित्रांसमोर उभा राहिलो, तेव्हा ते नीट, मनसोक्त पाहता आलं.

हा संग्रह कुठल्या सरकारी संग्रहालयाचा नाही. प्येर आर्जिये हे दालीचे फ्रेंच प्रकाशक. त्यांनी स्वतः छापून घेतलेली आणि जपलेली चित्रं त्यांच्या कन्या क्रिस्तिन देशोदेशी नेतात. दिल्लीत दोनशेहून अधिक चित्रं आली होती. दाली भारतात कधी आला नाही, पण आर्जिये येऊन गेले होते. त्यांनी इथे काढलेले फोटो पाहून दालीने १९६९-७० मध्ये ‘हिप्पी’ ही मालिका केली.

त्या मालिकेतली रेघ ड्रायपॉइंटची आहे. ड्रायपॉइंटमध्ये आम्ल लागत नाही. गुळगुळीत तांब्यावर सुईने थेट ओरखडायचं. सुई जाते तिथलं तांबं गळून पडत नाही, रेघेच्या कडेला उचलून राहतं. शाई चोपडून पत्रा कापडाने पुसला की सपाट भाग स्वच्छ होतो. ओरखड्यात आणि त्या खरखरीत कडेच्या आडोशाला शाई टिकते. मग वर ओलसर कागद, त्यावर फेल्टचं जाड कापड, आणि सगळं मिळून उसाच्या चरकासारख्या दोन रुळांमधून काढायचं. ओला कागद ओरखड्यात शिरतो आणि शाई उचलून घेतो. म्हणून ड्रायपॉइंटची रेघ मखमली दिसते, पेनाच्या रेघेसारखी कोरडी नसते. मात्र प्रत्येक दाबाबरोबर ती कड चेपत जाते आणि रेघ फिकी पडते. त्यामुळे प्रती मोजक्या निघतात. कागदाच्या खालच्या बाजूला पेन्सिलने प्रतीचा क्रमांक आणि चित्रकाराची सही असते.

पत्र्यावर दालीने सुईशिवाय आणखीही बरंच काही चालवलं. १९६३ च्या ‘मेडुसा’साठी त्याने आम्लात भिजवलेला ऑक्टोपस पत्र्यावर दाबला आणि सापांच्या केसांच्या त्या बाईला त्याचीच नक्षी मिळाली. पत्र्यावर दालीने स्वतः काम करावं, हा आर्जिये यांचा आग्रह होता. पुढे दालीच्या नावाने फोटोवरून केलेल्या छपाईचा आणि कोऱ्या कागदांवरच्या सह्यांचा मोठा बाजार झाला. म्हणूनच चित्र कुठून आलं, कुणी छापलं आणि कुणाकडे होतं, हे माहीत असलेल्या संग्रहाला मोल आहे.

दिल्लीहून परतल्यावर वर्गात आम्ही प्लास्टिकची जाड शीट घेतली. कंपासपेटीतल्या कर्कटकाने मुलांनी गोदावरीचा घाट, बैल, स्वतःची नावं ओरखडली. यंत्र नसल्यामुळे ओल्या कागदावर चमच्याची पाठ घासून ठसे घेतले. ते फिके आले, पण ठशात सगळं उलटं उमटतं हे पहिल्याच प्रतीत सगळ्यांच्या ध्यानात आलं. ज्याने एकदा हाताने ठसा घेतला, तो पुढे प्रत्येक छापील चित्राकडे वेगळ्या नजरेने बघतो.

मुद्राचित्राची हीच थोरवी मला मुलांना सांगायची असते. कॅनव्हासवरचं चित्र एकच असतं. ते जिथे टांगलं तिथे जावं लागतं. मुद्राचित्राच्या अनेक प्रती निघतात आणि त्यातली प्रत्येक प्रत अस्सल असते. शिवाय ते हलकं असतं. जपावं मात्र फार लागतं: प्रकाश साधारण ५० लक्सच्या आत, हवेत दमटपणा बेताचा, मागे आम्लविरहित पुठ्ठा. कागदाला उजेडाने झालेली इजा भरून येत नाही. ही पथ्यं पाळायला कडक आहेत, पण एका वातानुकूलित खोलीत ती पाळता येतात.

अशी चित्रं तालुक्याच्या गावापर्यंत आणणं अशक्य नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून वातानुकूलित बसमधून संग्रहालय गावोगावी नेलं आहे. शिर्डीचं विमानतळ तर कोपरगाव तालुक्यातल्या काकडीत आहे. महाविद्यालयं, साखर कारखाने आणि नगरपालिका यांनी मिळून एक बंदिस्त, थंड दालन उभं केलं, तर मुंबईतल्या संग्राहकांकडे मुद्राचित्रं मागता येतील. सुरुवात दालीपासूनच व्हायला हवी असं नाही. आपल्याकडच्या मुद्राचित्रकारांपासून करावी. तोवर कला शिक्षकांना एक विनंती: वर्षातून एकदा मुलांना घेऊन मुंबईला जा, एखादं अस्सल मुद्राचित्र शोधा आणि प्रत्येकाला त्याच्यासमोर फूटभर अंतरावर पुरेसा वेळ उभं राहू द्या.