जुन्या मोटारीचा रंग : चकाकी परत येते, जाडी येत नाही

खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणीत वाहन योग्य ठरल्यास नोंदणीचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात जुन्या वाहनांसाठी वेगळे निर्बंध आहेत. परंतु देशाच्या बहुतेक भागांत नीट राखलेली कौटुंबिक मोटार १५ वर्षांनंतरही रस्त्यावर राहू शकते. अनेकदा अशा गाडीचे इंजिन ठणठणीत असते आणि ती म्हातारी दिसते ती केवळ रंगामुळे. छत पांढुरके पडलेले असते, बॉनेटवर पाण्याचे गोल डाग बसलेले असतात, एकेकाळचा लालभडक रंग गुलाबीकडे झुकलेला असतो. गॅरेजमध्ये अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘रबिंग-पॉलिश मारून घ्या’. दुसरा, ‘पूर्ण गाडी रंगवून घ्या’. पहिला उपाय स्वस्त असला तरी वारंवार केल्यास मूळ रंगच संपवतो. दुसरा खर्चिक आहे आणि पुष्कळदा अनावश्यकही. यांपैकी कोणता निवडायचा, हे पत्र्यावर नेमके काय आहे आणि त्यातील किती शिल्लक आहे, यावर अवलंबून असते.

आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर रंगाचे साधारणपणे चार थर असतात. फॉस्फेटची प्रक्रिया झाल्यावर गाडीचा संपूर्ण सांगाडा हौदात बुडवून विजेच्या साह्याने त्यावर गंजरोधक प्रायमर चढवला जातो. त्यावर पृष्ठभाग एकसारखा करणारा दुसरा प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगछटेचा बेस कोट आणि सर्वांत वर क्लिअर कोट, म्हणजे रंगहीन पारदर्शक थर. या सर्वांची मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरते. छपाईचा एक साधा कागद जवळपास तेवढाच जाड असतो. त्यातला क्लिअर कोट तर सुमारे ४० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही बारीक. सूर्याचे अतिनील किरण रोखणारी द्रव्ये मुख्यतः याच थरात मिसळलेली असतात. चकाकी येते तीही याच थरातून. पॉलिश करणे म्हणजे या थराला काही लावणे नव्हे, तर त्याचा वरचा ओरखडलेला भाग घासून काढणे होय. हलक्या पॉलिशने एखाद-दोन मायक्रॉन जातात, कठोर कंपाउंड किंवा पॉलिश पेपर वापरल्यास कितीतरी अधिक. गेलेली जाडी कोणत्याही मेणाने वा कोटिंगने भरून येत नाही.

जुन्या गाड्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. १९८३ मध्ये आलेली मारुती ८००, तिच्याही आधीपासून रस्त्यावर असलेल्या प्रीमियर पद्मिनी आणि अॅम्बेसेडर या गाड्यांच्या साध्या, म्हणजे मेटॅलिक नसलेल्या, रंगांवर पुष्कळदा क्लिअर कोट नसे. रंग आणि चकाकी एकाच थरात असे. आपल्याकडील जुने कारागीर आजही अशा रंगकामाला ‘ड्युको’ म्हणतात. ड्युको हे खरे तर अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीने १९२० च्या दशकात आणलेल्या जलद वाळणाऱ्या रंगाचे व्यापारी नाव. तो रंग मागे पडला, नाव मात्र टिकून राहिले. आपल्या गाडीवर कोणता प्रकार आहे हे ओळखणे सोपे आहे. दाराच्या खालच्या कडेला, सहसा दिसणार नाही अशा जागी, पांढऱ्या कापडावर थोडे पॉलिश घेऊन हलकेच घासावे. कापडावर गाडीचा रंग उतरला तर थर एकच आहे. कापड रंगहीन राहिले तर वर क्लिअर कोट आहे.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोन्ही प्रकारचे रंग वेगवेगळ्या पद्धतीने जुने होतात. एकेरी थराचा रंग उन्हाने वरून खडूसारखा भुकटा होतो. ही मृत पूड काढली की खालचा रंग पुष्कळदा आश्चर्यकारकरीत्या ताजा निघतो, म्हणून अशा गाड्या पॉलिशला उत्तम दाद देतात. क्लिअर कोटचे तसे नसते. तो प्रथम ओरखड्यांनी धूसर होतो आणि तोपर्यंत पॉलिशचा उपयोग असतो. परंतु एकदा का छतावर वा बॉनेटवर त्याचे पांढरे चट्टे पडले आणि कडेने पापुद्रे सुटू लागले, की पॉलिश निरुपयोगी ठरते. तेथे थराची खालच्या रंगावरची पकडच सुटलेली असते. घासल्याने चट्टा वाढतो. तेवढा भाग घासून पुन्हा रंगवणे हाच उपाय. पापुद्रे सुटलेल्या छतावर ‘स्पेशल पॉलिश’ने चमक आणून देण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर ती चमक पहिल्या दोन-चार धुण्यांपुरती समजावी.

रंगाच्या ऱ्हासाला आपण ऊन-पावसाला जबाबदार धरतो, आणि उन्हाचा वाटा मोठा आहेच. पण गाडी सावलीत उभी असूनही निस्तेज होते, याचे कारण बहुधा रोजची पुसणी असते. शहरांतील गृहसंकुलांत पहाटे गाड्या पुसणारा माणूस एका बादलीत एक फडके बुडवून ओळीने दहा-पंधरा गाड्या पुसतो. दोष त्याचा नाही. जेवढा वेळ, जेवढे पाणी आणि जेवढा मोबदला आपण देतो, त्यात याहून वेगळे होणे शक्य नसते. मात्र गाडीवर रात्रभर बसलेल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झ हे पोलादी चाकूलाही ओरखडा पाडण्याइतके कठीण खनिज आहे. ओल्या फडक्यात अडकलेले हे कण क्लिअर कोटवरून रोज फिरतात. वर्षाला तीनशेहून अधिक वेळा, असे दहा वर्षे.

त्याचा परिणाम गडद रंगाच्या गाडीवर उन्हात उभे राहून पाहावा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. वास्तविक हे ओरखडे गोल नसतात, ते सर्व दिशांना पसरलेले असतात. परंतु प्रकाशाच्या किरणाला आडवे असलेले तेवढेच चमकून डोळ्यांत भरतात आणि वर्तुळाचा भास होतो. पांढऱ्या वा चंदेरी गाडीवर ते तितकेसे दिसत नाहीत, इतकेच. पडतात मात्र तसेच. म्हणून जुन्या गाडीचा रंग वाचवण्याची पहिली पायरी कोणतेही उत्पादन विकत घेण्याची नाही. रोजचे पुसणे बंद करून आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा भरपूर पाण्याने नीट धुणे, एवढीच ती आहे. मधल्या दिवसांत गाडी थोडी धुळकट दिसली तर दिसू द्यावी. धूळ नुसती बसून राहिल्याने रंगाचे फारसे बिघडत नाही. ती दाबून फिरवल्याने बिघडते.

मात्र काही गोष्टींना थांबवून चालत नाही. पक्ष्यांच्या विष्ठेत यूरिक आम्ल असते आणि उन्हाने तापलेल्या पत्र्यावर ती काही तासांतच रंगात खड्डा करते. ओला कपडा तिच्यावर काही मिनिटे ठेवून, ती मऊ झाल्यावर न घासता उचलून घ्यावी. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी उभी करणाऱ्यांना काचेवर आणि छतावर पडणारा चिकटा ठाऊक असतो. तो तुडतुड्यांचा गोड स्राव असतो, त्यावर पुढे काळी बुरशी धरते. तोही लवकर धुतलेला बरा. बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. अशा पाण्याने उन्हात धुतलेली गाडी आपोआप वाळू दिली, तर प्रत्येक थेंबाच्या जागी क्षाराचे कडे उरते. ताज्या डागावर पाण्यात मिसळलेले थोडे व्हिनेगर चालते, पण जुना डाग रंगात रुतलेला असतो. रेल्वेमार्गाजवळ राहणाऱ्यांच्या पांढऱ्या गाड्यांवर बारीक नारिंगी ठिपके दिसतात. तो पत्र्याचा गंज असेल असे समजून घाबरू नये. रुळांवरून आणि ब्रेकमधून उडालेले लोखंडी कण तेथे रुतून गंजलेले असतात.

पुनरुज्जीवनाचे काम सावलीत, पत्रा थंड असताना करावे. प्रथम नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. त्यानंतर गाडीसाठीचा शाम्पू आणि मायक्रोफायबरचा हातमोजा वापरून वरून खाली धुवावे, आणि मोजा खळबळायला दुसरी, स्वच्छ पाण्याची बादली ठेवावी. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरू नये. त्याने आधीचे संरक्षक मेण निघून जाते. रॉकेल किंवा डिझेलचा हात फिरवण्याची जुनी सवय तर सोडलेलीच बरी. तेलकटपणाची चमक दिसते खरी, पण त्यावर धूळ अधिक चिकटते आणि रबरी पट्ट्या खराब होतात.

धुतल्यावर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून बॉनेटवरून बोटे फिरवावीत. जे उघड्या बोटांना जाणवत नाही ते पिशवीतून जाणवते. पृष्ठभाग खरखरीत लागला तर क्ले बार, म्हणजे मळलेल्या मातीसारखा लवचीक गोळा, भरपूर ओलसर वंगण मारून हलकेच फिरवावा. रुतलेले कण तो ओढून घेतो. क्ले जमिनीवर पडला तर तो टाकून द्यावा. त्यात रुतलेला एक खडा सगळ्या श्रमांवर पाणी फिरवतो.

पॉलिशची पाळी त्यानंतरची. येथे सर्वांत सौम्य द्रव्यापासून आरंभ करावा आणि हातभर जागेवर आधी करून पाहावे. तेवढ्याने समाधान झाले तर पुढे जाऊ नये. खोल ओरखडा नखाला अडकत असेल तर तो क्लिअर कोटच्या आरपार गेल्याची शक्यता मोठी. त्याला घासून समतल करण्याच्या नादात भोवतालचा थर संपतो. यंत्र वापरायचेच तर फिरता फिरता हेलकावणारे, ‘ड्युअल अॅक्शन’ म्हणून मिळणारे यंत्र नवख्याच्या हातीही बरेच सुरक्षित असते. गॅरेजमधील सरळ फिरणारे रोटरी यंत्र एका जागी क्षणभर थांबले तरी रंग जाळू शकते, आणि बॉनेटच्या कडा, दारावरची उठावाची रेघ येथे तर रंग मुळातच पातळ बसलेला असतो.

चांगल्या कार्यशाळेत रंगाची जाडी मोजण्याचे छोटे उपकरण असते. काम देण्यापूर्वी आपल्यासमोर मोजणी करून घेण्याचा आग्रह ग्राहकाने धरावा. पत्र्यावर १०० ते १५० मायक्रॉनची नोंद आली तर बहुधा मूळ रंग. २०० ते ३०० आली तर तो भाग पूर्वी रंगवलेला. आणि हजाराच्या पुढे गेली तर आत पुट्टी भरलेली आहे असे समजावे. जुनी गाडी विकत घेतानाही ही मोजणी उपयोगी पडते. प्लॅस्टिकच्या बंपरवर मात्र हे साधे उपकरण चालत नाही, कारण त्याला खाली धातू लागतो.

फिका रंग हा सौंदर्याचा प्रश्न आहे; गंज हा गाडीच्या आयुष्याचा. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो रंगाला खालून उचलतो आणि बारीक फोड दिसू लागतात. फोड दिसला तेव्हा आतील गंज त्याहून मोठा असतो. कोकण, गोवा, चेन्नई, विशाखापट्टणमसारख्या खाऱ्या हवेच्या प्रदेशांत हे फार वेगाने घडते. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की दार आतून कुजते. पावसाळ्यापूर्वी एक बारीक काडी फिरवून ती मोकळी करणे हे कोणत्याही महागड्या कोटिंगपेक्षा मोलाचे काम आहे. दगड उडून पडलेली टिकली पत्र्यापर्यंत गेली असेल तर गंज पूर्ण खरवडून, गंजरोधक प्रायमर लावून, मगच टचअपचा रंग भरावा. गंजावर थेट रंग मारणे म्हणजे त्याला झाकून वाढवणे. रंगाचा सांकेतिक क्रमांक बहुतेक गाड्यांत इंजिनकक्षातील वा दाराच्या चौकटीतील पट्टीवर असतो.

संरक्षणाच्या बाजारात आज आश्वासनांची कमतरता नाही. ब्राझीलमधील कार्नौबा ताडाच्या पानांचे मेण सुंदर, उबदार चमक देते, पण आपल्या उन्हाळ्यात ते काही आठवडेच टिकते. कृत्रिम सीलंट काही महिने टिकतो. सिलिकायुक्त सिरॅमिक कोटिंग अधिक काळ टिकते आणि त्यावरून पाणी व धूळ सहज घसरते. जाहिरातींत येणारे ‘९एच’ हे परिमाण मात्र पेन्सिलच्या कठीणपणाचे आहे, खनिजांच्या नव्हे. त्याने दगडाचा मार किंवा किल्लीचा ओरखडा थांबत नाही. शिवाय कोटिंगपूर्वी पॉलिश करतात, त्यात थोडा थर जातोच. पंधरा वर्षांच्या गाडीला, आमच्या मते, दर तीन-चार महिन्यांनी हाताने लावलेला साधा सीलंट पुरेसा आहे. पारदर्शक संरक्षक फिल्म जुन्या किंवा पुन्हा रंगवलेल्या भागावर शक्यतो टाळावी. काढताना ती रंग सोबत घेऊन येऊ शकते.

गाडीवरचे आच्छादनही दुधारी आहे. धुळकट गाडीवर घातलेले कापड वाऱ्याने हलत राहिले की पॉलिश पेपरचे काम करते, आणि पावसाळ्यात न श्वसणारे प्लॅस्टिकचे आच्छादन आतील दमट हवा कोंडून गंजाला आमंत्रण देते.

पूर्ण रंगकाम अटळच झाले तर दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात. आजच्या दोन घटकांच्या रंगांतील हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याच्या तुषाराने दमा जडू शकतो, म्हणून हे काम घराच्या अंगणात रुमाल बांधून करण्याचे नव्हे. आणि नोंदणी प्रमाणपत्रात गाडीचा रंग नमूद असतो. तीच छटा ठेवली तर प्रश्न नाही. छटा बदलायची असेल तर आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे जाऊन मंजुरी घ्यावी आणि तशी नोंद करून घ्यावी. नवा रंग पूर्ण पक्का होण्यास वेळ लागतो. तोपर्यंत, म्हणजे रंगकाम करणाऱ्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत, त्यावर मेण किंवा सीलंट लावू नये. नुसत्या पाण्याने धुवावे आणि मऊ कापडाने टिपून घ्यावे.