आधी नाव, मग आजार

आपल्याकडे फॅमिली डॉक्टर ‘असतात’. त्यांच्याकडे नोंदणी वगैरे कोणी करत नाही. बाकावर नंबर लावायचा, केसपेपर काढायचा, झालं. या सवयीमुळे इंग्लंडात नव्याने गेलेला मराठी माणूस हमखास चुकतो. अंगात ताप चढल्यावर तो डॉक्टर शोधायला निघतो. तिथली रीत उलटी आहे.

या रीतीचं मूळ १९११च्या राष्ट्रीय विमा कायद्यात सापडतं. लॉइड जॉर्ज यांच्या या कायद्याने विमाधारक कामगाराला ‘पॅनेल’वरचा एक डॉक्टर निवडता येऊ लागला. डॉक्टरला पैसे मिळत ते तपासण्यांचे नव्हे, तर त्याच्या यादीतल्या माणशी. म्हणजे ठणठणीत माणसाचंही नाव यादीत हवंच! कामगाराची बायकोमुलं मात्र बाहेर राहिली. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा ही यादी सगळ्यांसाठी खुली झाली. रुग्णाची टिपणं ज्या लहानशा पाकिटात ठेवत, त्याला पुढे कित्येक दशकं ‘लॉइड जॉर्ज पाकीट’ म्हणत. माणसाने डॉक्टर बदलला की पाकीट त्याच्यामागून जाई. आपल्याकडे मात्र एक्स-रे आणि रिपोर्टांची पिशवी रुग्णानेच कपाटात जपायची.

आज अर्ज भरणं सोपं आहे, बहुतेक ठिकाणी ऑनलाइनही. प्रत्येक दवाखान्याची हद्द ठरलेली असते, तेवढी पाहून घ्यावी. अडतं ते स्वागतकक्षात. ‘पासपोर्ट? विजेचं बिल?’ चौघांत घर घेतलेल्या विद्यार्थ्याच्या नावावर बिल कुठून येणार? तो निमूट परत फिरतो. वास्तविक इंग्लंडात कागद मागता येतात, पण ते नाहीत एवढ्यावरून नोंदणी नाकारता येत नाही. व्हिसाची अटही घालता येत नाही. यादी बंद असणं किंवा पत्ता हद्दीबाहेर असणं ही कारणं चालतात. पण नकार कारणासह लेखी द्यावा लागतो. ‘लेखी द्याल का?’ एवढं विचारायला संकोच कसला?

मुलाकडे राहायला गेलेल्या आईवडिलांचा प्रश्न जास्त नाजूक. मुक्काम तीन महिन्यांच्या आतला असेल तर त्यांची तात्पुरती नोंदणी होते, त्याहून लांबला तर कायमची. या डॉक्टरांची तपासणी पाहुण्यांनाही मोफत असते. पण हीच सवलत रुग्णालयातही मिळेल असं समजून प्रवासविमा टाळणं महागात पडतं. तिथे दाखल झाल्यास पाहुण्यांना बिल येतं, आणि ते बरंच मोठं असतं.

जाताना साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी आपल्या डॉक्टरांकडून मूळ औषधाच्या नावाने लिहून घ्यावी. साधी क्रोसिन म्हटली तरी तिथे कळत नाही; पॅरासिटामॉल म्हणावं लागतं.