मोटारसायकल, जुनी : कार्ब्युरेटर व प्रज्वलन यांचे दोषनिदान

जुन्या मोटारसायकलीचे एंजिन सुरू न होणे, मंद गतीत बंद पडणे, चढावर शक्ती कमी पडणे किंवा तापल्यावर थांबणे या लक्षणांचे मूळ बहुधा दोन ठिकाणी असते : हवा व पेट्रोल यांचे मिश्रण तयार करणारा कार्ब्युरेटर आणि ते मिश्रण पेटविणारे विद्युत् मंडल. दोन्हींतील दोषांची लक्षणे पुष्कळदा सारखीच असतात. त्यामुळे मूळ दोष कोठे आहे हे क्रमाने पडताळून ठरविणे आवश्यक असते. अंदाजाने भाग बदलल्यास खर्च वाढतो, मूळचे दुर्मिळ भाग नष्ट होतात आणि मिश्रण विरल राहिल्यास दट्ट्या सिलिंडरात अडकून एंजिनच निकामी होऊ शकते. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन].

रॉयल एनफील्ड कंपनीची ३५० बुलेट हे या प्रकाराचे भारतातील परिचित उदाहरण आहे. मूळच्या ब्रिटिश बनावटीच्या या गाडीसाठी १९५५ मध्ये मद्रास (आताचे चेन्नई) येथे भारतीय कंपनी स्थापन झाली. इंग्लंडमधील उत्पादन १९७० पर्यंत थांबले; भारतात मात्र ओतीव लोखंडाच्या सिलिंडराचे एंजिन एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपर्यंत तयार होत होते. या चतुर्धाव एंजिनाच्या सिलिंडराचा व्यास ७० मिमी., दट्ट्याचा धाव ९० मिमी. व घनफळ ३४६ घ. सेंमी. आहे. त्यावर प्रथम अमाल व पुढे मिककार्ब बनावटीचे कार्ब्युरेटर बसविले जात.

कार्य : एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यास वजनाने सु. १४.७ भाग हवा लागते. कार्ब्युरेटराच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना तिचा दाब कमी होतो व फ्लोट कक्षातील पेट्रोल जेटमधून वर ओढले जाऊन तिच्यात मिसळते. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना पायलट जेट, सु. एक चतुर्थांश ते तीन चतुर्थांश उघडा असताना निमुळती सुई आणि त्यापुढे मुख्य जेट मिश्रणाचे नियंत्रण करतात. तेव्हा दोष थ्रॉटलच्या कोणत्या स्थितीत जाणवतो हे पाहिल्यास कार्ब्युरेटराचा कोणता भाग तपासावयाचा ते कळते.

प्रज्वलनासाठी बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातून व काँटॅक्ट ब्रेकरमधून वाहतो. ब्रेकरचे बिंदू, म्हणजे कारागिरांच्या बोलीतील 'पॉइंट', उघडताच प्रवाह खंडित होतो, चुंबकीय क्षेत्र एकदम ओसरते आणि दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. बिंदूंना समांतर जोडलेला कंडेन्सर तेथील ठिणगी रोखतो व प्रवाह तत्काळ तोडण्यास साहाय्य करतो.

तपासणीचा क्रम : प्रथम टाकीत ताजे पेट्रोल आहे, तोटी उघडी आहे, बॅटरी भारित आहे आणि सर्व जोड घट्ट आहेत, हे पाहावे. त्यानंतर विद्युत् मंडल व शेवटी कार्ब्युरेटर तपासावा. हा क्रम सोयीचा असतो, कारण ठिणगीची परीक्षा काही मिनिटांत होते. कार्ब्युरेटर उघडल्यास मात्र त्याची आधीची जुळणी बिघडण्याचा संभव असतो. एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम पाहावा. दोन बदल एकदम केल्यास दोष कशाने गेला ते कळत नाही व तो पुन्हा उद्‌भवल्यास सर्व तपासणी नव्याने करावी लागते.

पुष्कळदा किका मारूनही एंजिन सुरू झाले नाही, तर प्लग काढून पाहावा. तो ओला असल्यास पेट्रोल पोहोचत आहे, परंतु ठिणगी पडत नाही किंवा दुर्बल आहे, अथवा पेट्रोल अतिरिक्त झाले आहे, असे समजावे. तो कोरडा असल्यास इंधनमार्ग तपासावा. काळी काजळी घट्ट मिश्रण दर्शविते. परंतु दुर्बल ठिणगीनेही ती साठते. म्हणून केवळ काजळी पाहून जेट बदलू नये. ठिणगी पाहण्यासाठी प्लगचे धातूचे अंग सिलिंडरला टेकवावे. मात्र प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असल्याने प्लग त्यापासून दूर धरावा.

बुलेटच्या हेडलाइटवरील अँमीटर या कामी उपयोगी पडतो. दिवे बंद ठेवून व किल्ली चालू करून किक सावकाश दाबल्यास बिंदू जुळलेले असताना काटा ऋण बाजूस झुकतो व ते उघडताच मध्यावर येतो. काटा मुळीच हलत नसल्यास मंडल कोठे तरी तुटलेले आहे किंवा बिंदू मळलेले आहेत. तो सतत झुकलेलाच राहत असल्यास बिंदू उघडत नाहीत किंवा त्यांची तार अथवा कंडेन्सर धातूच्या अंगाशी जोडला गेला आहे, असा निष्कर्ष निघतो.

बिंदूंमधील कमाल अंतर सु. ०.३५ ते ०.४० मिमी. असावे. हे अंतर बदलले की प्रज्वलनाची वेळही बदलते; म्हणून अंतर आधी व वेळ नंतर जुळवावी. या एंजिनात ब्रेकरची आगाऊ गती देणारी वजने मिटलेली असताना, दट्ट्या सर्वोच्च स्थानी पोहोचण्यापूर्वी सु. ०.८ मिमी. अंतरावर असता बिंदू उघडू लागावेत. ते लवकर उघडल्यास किक उलट बसून पायास इजा होऊ शकते. उशिरा उघडल्यास एंजिन तापते व शक्ती घटते. बिंदू वारंवार जळत असल्यास कंडेन्सर संशयास्पद मानावा.

फसवी लक्षणे : गाडी काही किमी. धावून थांबते आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा सुरू होते, हे लक्षण विशेष दिशाभूल करणारे आहे. तापल्यावर कॉइलचे किंवा कंडेन्सरचे निरोधन निकामी झाल्यास असे घडते. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजल्यासही हेच घडते, कारण टाकीत निर्वात वाढून पेट्रोल खाली येईनासे होते. गाडी थांबताच ठिणगी पाहावी व झाकण उघडून पाहावे. झाकण उघडताच एंजिन सुरू झाले, तर दोष छिद्राचा होय. सामान्यतः विद्युत् दोषाने एंजिन एकदम बंद पडते, तर इंधन कमी पडल्यास ते अडखळत थांबते.

मंद गती सतत वरखाली होणे हे कार्ब्युरेटर व सिलिंडर यांमधील जोडातून हवा शिरण्याचे लक्षण असते. तेथे तेलाचे थेंब सोडल्यावर गती बदलली, तर जोडाची गॅस्केट बदलावी. यासाठी पेट्रोल वापरू नये. कार्ब्युरेटरातून पेट्रोल ओघळत असल्यास फ्लोटची सुई झिजली आहे किंवा तीत कचरा अडकला आहे. जेट हवेच्या झोताने स्वच्छ करावेत. तार घातल्यास सूक्ष्म छिद्र मोठे होते.

परिस्थितीचे परिणाम : लडाखसारख्या उंच प्रदेशात हवा विरळ असल्याने मिश्रण घट्ट होते व सपाटीवर निर्दोष असलेली गाडी काळा धूर सोडते, कोकणातील पावसाळी दमटपणाने प्लगची टोपी व उच्च दाबाची तार यांतून विद्युत् गळती होते. हे बिघाड नसून परिस्थितीचे परिणाम असल्याने त्यांसाठी कायमचे फेरफार करू नयेत.

भारतात २००० पासून शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र मिळू लागले आणि २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची विक्री २०२३ मध्ये सुरू झाली. इथेनॉलच्या ज्वलनास वजनाने सु. ९ पट हवाच पुरते. त्यामुळे पूर्वीच्याच जेटमधून मिळणारे मिश्रण विरल ठरते. शिवाय ते पाणी शोषून घेते व जुन्या रबरी भागांना अपायकारक असते. दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाडीचा फ्लोट कक्ष रिकामा करून ठेवणे, रबरी नळ्या बदलणे आणि प्लगचा रंग पाहून आवश्यक तेवढाच मोठा जेट बसविणे हे उपाय इष्ट होत. अशा गाड्यांचे सुटे भाग आता सहज मिळतातच असे नाही. तेव्हा अचूक निदान हेच त्यांच्या जतनाचे मुख्य साधन ठरते.