रूळ रुंद होण्यास इतकीं वर्षें कां लागतात ?

"घर तर दीड वर्षांत उभें राहतें, मग स्टेशनाचें काम एकदां निघालें कीं तें वर्षानुवर्षें कां रेंगाळतें?" हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांनीं आम्हांस अनेकदां विचारला आहे. केंद्र सरकारच्या अमृत भारत स्टेशन योजनेच्या यादींत हिंगोलीचें नांव आल्यापासून तर पालकांच्या तोंडींही तोच प्रश्न ऐकूं येतो. उत्तर देण्याजोगें आहे, म्हणून येथें देत आहों.

घर बांधतांना आपण तें रिकामें करतों, शेजारीं भाड्यानें राहतों. स्टेशनास असें शेजारीं जाऊन राहतां येत नाहीं. ज्या फलाटाची फरशी उकरावयाची, त्याच फलाटावर सकाळच्या गाडीनें नांदेडास जाणारे विद्यार्थी आणि अकोल्याच्या दवाखान्यास निघालेले वृद्ध उभे असतात. म्हणून अर्धा फलाट मोकळा ठेवून उरलेल्या अर्ध्यावर काम करावें लागतें. पादचारी पुलाची तुळई चढविण्यासाठीं त्याखालचा रूळ कांहीं तास बंद राहावा लागतो. या बंद ठेवण्यास रेल्वेंतील लोक 'ब्लॉक' म्हणतात. तो दोन गाड्यांच्या मधल्या फटींत, बहुधा रात्रीं मिळतो. आणि त्या दिवशीं मागची गाडी उशिरां आली तर तोही हातचा जातो. शिवाय फलाट म्हणजे कांहीं ओटा नव्हे. त्याची उंची रुळाच्या माथ्यापासून ७६ ते ८४ सेंटिमीटर असावी लागते, आणि त्याची कड रुळांच्या मध्यरेषेपासून १६७ ते १६८ सेंटिमीटर. म्हणजे गवंड्याला सूट एका सेंटिमीटराची ! कड पुढें आली तर डबा घासेल, मागें राहिली तर चढतांना एखाद्या मुलाचा पाय फटींत जाईल.

मोठ्या शहरांतही ही अडचण चुकलेली नाहीं. लंडन येथें जमिनीखालून धांवणारी जगांतील पहिली आगगाडी १८६३ सालीं सुरू झाली. तेथें बहुतेक रात्रीं गाड्या थांबतात आणि दुरुस्तीस चार-एक तास मिळतात. न्यूयॉर्कच्या भुयारी गाड्या मात्र दिवसरात्र चालतात. प्रवाशांची ती मोठीच सोय; पण तेथलें एखादें जुनें स्टेशन नवें करावयाचें म्हणजे चालत्या माणसाच्या पायांतील जोडा शिवण्यासारखें आहे.

आतां आपल्या मार्गाकडे वळूं. निजामच्या राज्यांतील रेल्वेनें पूर्णेपासून हिंगोलीपर्यंत रूळ आणले ते १९१२ सालीं. पुढें सुमारें अर्धें शतक हिंगोली हें शेवटचेंच स्टेशन होतें. उत्तरेकडे खांडव्यापर्यंतचा सांधा जुळावयास १९६० चा सुमार उजाडला. हा सारा मार्ग मीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांमध्यें १ मीटर अंतर असलेला होता. मुंबई-ठाणें मार्गावर १८५३ सालीं धांवलेली पहिली गाडी ब्रॉड गेजची होती. तेथें हें अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपांच फूट. अरुंद रूळ स्वस्त पडतात म्हणून १८७० नंतर देशांत मीटर गेज पसरलें. परंतु स्वस्ताईची किंमत पुढें द्यावी लागली. मनमाडास मराठवाड्यांतून आलेल्या कापसाच्या गांठी एका गाडींतून उतरवून हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या गाडींत चढवाव्या लागत, कारण एका गेजचा डबा दुसऱ्या गेजवर जाऊं शकत नाहीं.

सरकारनें १९९२ सालीं देशभर एकच गेज करण्याचें धोरण स्वीकारलें. अंतर वाढवावयाचें तें अवघें सव्वादोन फूट. परंतु तेवढ्यासाठीं आंखूड स्लीपर काढून लांब घालावे लागतात, मातीचा बांध रुंद करावा लागतो, जड गाड्यांसाठीं पूल बदलावे लागतात आणि फलाट उंच करावे लागतात. जुना रूळ उखडला कीं नवा होईतों त्या मार्गावर गाडी नाहीं. पूर्णा ते अकोला हें काम २००८ सालीं पुरें झालें. १९९२ सालीं पहिलींत बसलेला मुलगा तोंवर पदवी घेऊन बाहेर पडला होता. त्याच्या शाळेच्या दिवसांत नव्या गाडीचा लाभ त्यास मिळाला नाहीं.

आमच्या मतें उशीर दोन प्रकारचा असतो. रात्रीचा ब्लॉक न मिळाल्यानें, पावसानें किंवा पुलाची परीक्षा नीट व्हावी म्हणून होणारा उशीर आपण सोसावा. पैसा वर्षावर्षाला थोडाथोडा आल्यानें आणि कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर न हलल्यानें होणारा उशीर मात्र सोसण्याचें कारण नाहीं. त्याविषयीं नागरिकांनीं अर्ज करावेत, पुन्हां करावेत. पालकांनीं ओरड करण्यापूर्वीं उशीर कोणत्या जातीचा आहे, एवढें विचारून घ्यावें.

याखेरीज तिसराही एक उशीर आहे, आणि त्याचा निवाडा आम्हांस सोपा वाटत नाहीं. अकोल्यापुढें अकोटापर्यंत रुंद रुळावरून गाडी सुरू झाली ती २०२२ च्या नोव्हेंबरांत. त्यापुढें जुना मार्ग मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पांतून सुमारें ३९ किलोमीटर जात होता. धूळघाटाजवळ तर गाडी डोंगर चढतांना वळसा घेऊन आपल्याच रुळावरून पुलानें पलीकडे जाई. ज्या पालकांनीं तो प्रवास केला असेल, त्यांना मुलांनीं त्याविषयीं अवश्य विचारावें. परंतु रुंद रुळांवरून वेगानें धांवणाऱ्या गाड्या रात्रीं रानांतून गेल्या तर वाघ, अस्वल, सांबर यांचा जीव धोक्यांत येतो, म्हणून रूळ अभयारण्याबाहेरून, सुमारें तीस किलोमीटर लांबच्या वाटेनें न्यावेत असा आग्रह वनप्रेमी मंडळींनीं धरला, आणि राज्य सरकारनेंही त्याच वाटेची मागणी केली. लांब वाटेला पैसा अधिक लागतो. पण त्या वाटेवरील ज्या गांवांनीं आगगाडी कधीं पाहिली नाहीं त्यांना ती मिळते. या वादांत काळ गेला. जुने रूळ २०१७ च्या आरंभापासून बंद पडले, आणि हिंगोलीहून खांडव्यास जाणाऱ्यास अकोल्याहून भुसावळचा वळसा घेण्याची पाळी आली.