यादीला शिकवलेली नवी चाल

महाराष्ट्रात सारस क्रौंच उरले ते मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात. तळी आणि धानाच्या बांध्या असलेल्या या मुलखात त्यांची दरवर्षी गणना होते. समजा, दहा वर्षांचे आकडे संगणकात एका यादीत ओळीने ठेवले आणि दर वर्षाची तुलना आदल्या वर्षाशी करायची आहे. साध्या पद्धतीत प्रोग्रामर शून्यापासून स्वतः मोजत जातो आणि हमखास शेवटच्या घरात एकाने चुकतो.

झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात १९७०च्या दशकात घडलेल्या स्मॉलटॉक भाषेने फिरण्याचे काम यादीवरच सोपवले. प्रत्येक घटकाचे काय करायचे, एवढेच आपण सांगायचे. हे सांगण्यासाठी आज अनेक भाषांत क्लोजर वापरतात. क्लोजर म्हणजे जिथे लिहिले गेले तिथली व्हेरिएबल्स सोबत घेऊन फिरणारे फंक्शन. ही संज्ञा पीटर लँडिन यांनी १९६४ साली वापरली.

सलग दोन आकड्यांची जोडी देणारी मेथड भाषेत नसेल, तर आपणच यादीला ती जोडायची. रुबी किंवा स्विफ्टमध्ये तिचे नाव खुशाल देवनागरीत 'सलगजोडी' ठेवता येते. तिचे पोट अगदी लहान: पहिला आकडा 'मागचा' म्हणून धरायचा, दुसऱ्यापासून पुढे मागचा आणि आताचा असे दोन्ही क्लोजरच्या हाती द्यायचे, मग आताचा तोच मागचा. दहा आकड्यांतून नऊ जोड्या निघतात. आकडा घटला की क्लोजर बाहेरच्या 'घटीची वर्षे' या व्हेरिएबलमध्ये एक मिळवते. गंमत अशी, की त्या व्हेरिएबलचा मेथडला पत्ताही नसतो. म्हणून हीच मेथड उद्या पावसाच्या नोंदींवरही, एक अक्षर न बदलता, चालते.

पण सगळ्यांच्या सामाईक यादीत आपली मेथड घुसवणे धोक्याचे. सी शार्पने २००७ साली यावर शहाणा तोडगा काढला: जोडलेली मेथड, ज्या फाइलने ती मागवली तिथेच दिसते. जावास्क्रिप्टला मात्र किंमत मोजावी लागली. मूटूल्स या लायब्ररीने फार पूर्वी प्रत्येक ॲरेला, म्हणजे तिथल्या यादीला, स्वतःची 'फ्लॅटन' मेथड चिकटवली होती. २०१८ साली त्याच नावाची अधिकृत मेथड ब्राउझरमध्ये आणून पाहिली, तर मूटूल्सवर चालणारी जुनी संकेतस्थळे मोडू लागली. अखेर नमते घेतले ते भाषेच्या मानकाने: २०१९च्या आवृत्तीत ती मेथड 'फ्लॅट' एवढ्याच नावाने दाखल झाली.