काळ्या मातीच्या भेगा

चैत्र-वैशाखाच्या उन्हात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांच्या शिवारांतून हिंडणाऱ्याचे लक्ष जमिनीला पडलेल्या भेगांकडे गेल्यावाचून राहत नाही. आणि त्यांच्या तोंडाशी वाऱ्याने आणलेली पिशवी, फाटलेल्या मल्चिंगची पट्टी किंवा खताच्या गोणीचा सुटलेला धागा हटकून अडकलेला असतो. प्लास्टिकचा विषय निघाला की आपली दृष्टी समुद्राकडे वळते. मराठवाड्याने मात्र या विचाराचा आरंभ भेगेपासून करावा, असे मला मनापासून वाटते.

दख्खनच्या बेसाल्टाची झीज होऊन बनलेल्या या मातीत जी चिकणखनिजे आहेत, ती पाणी पिऊन फुगतात आणि पाणी आटताच आकसतात. त्यामुळे उन्हाळ्यात जमीन उलते, वरची भुसभुशीत माती भेगांत ओघळते, आणि मृगाच्या पावसाने भेगा मिटल्या की आत पडलेले सारे खालीच गाडले जाते; ही उलथापालथ युगानुयुगे चालू असल्यामुळेच मृदाशास्त्रज्ञांनी अशा मृदेला ‘व्हर्टिसोल’ हे फिरवण्याचा अर्थ असलेल्या लॅटिन धातूवरून साधलेले नाव दिले. नांगरावाचून आपली मशागत आपणच करणारी ही माती शेणखत आणि प्लास्टिक यांत भेद करीत नाही.

‘मायक्रोप्लास्टिक’ हा शब्द रिचर्ड थॉम्पसन यांच्या २००४ मधील ज्या निबंधाने रूढ केला, तो सागराविषयी होता. बर्लिनच्या मुक्त विद्यापीठातील मातीचे अभ्यासक मॅथियास रिलिग यांनी २०१२ मध्ये तोच प्रश्न जमिनीविषयी उपस्थित केला. पुढे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीच्या पृष्ठभागावर पॉलिथिलिनचे मणी पसरून तीत गांडुळे सोडली, तेव्हा सर्वांत सूक्ष्म कण सर्वांत खोल पोहोचल्याचे आढळले. हिंगोलीच्या शिवारात गांडुळाच्या जोडीला भेगही आहे.

येथील शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. अवर्षणाच्या मुलखात हळदीच्या गादीवाफ्यावरील ठिबकच्या नळ्या पाणी वाचवतात, टरबूज-मिरचीवरील मल्चिंग तण रोखते. परंतु दुकानातील पिशवी ३१ डिसेंबर २०२२ पासून किमान १२० मायक्रॉन जाडीची असावी असा कायद्याचा दंडक असताना मल्चिंगचा कागद बहुधा २५ ते ३० मायक्रॉनचाच असतो. तो हंगामाअखेर अखंड निघत नाही, आणि उंदीर-खारींनी कुरतडलेल्या नळ्यांचे तुकडेही बांधाकडेला पडून राहतात. उकिरड्यावरील अन्नाच्या वासाने पिशवीसकट सारे गिळणाऱ्या गाईच्या कोठीपोटात तर त्याचा गोळाच होतो. तो काढायचा म्हणजे पोट चिरावे लागते.

वाहून जाणाऱ्या कचऱ्याची वाट ठाऊक आहे: कयाधूतून पैनगंगेत, तेथून वर्धेत, मग प्राणहितेत, आणि गोदावरीच्या संगतीने बंगालच्या उपसागराला. भेगेत उतरणाऱ्याची नोंद मात्र कोणत्याही सातबाऱ्यावर होत नाही. तिच्यासाठी खर्चही फारसा नाही. परभणीचे कृषी विद्यापीठ शेजारीच आहे. पाचही तालुक्यांत पावसाआधी मीटरभर खोल चर खणावेत, प्रत्येक थराची माती वेगळी घ्यावी, आणि मिठाच्या दाट पाण्यात ती ढवळून ठेवावी. खनिज तळाशी बसते आणि पॉलिथिलिन वर तरंगते.