उष्णतावाहक लेप आणि पृष्ठभागावरील खाचांची रचना : एक विवेचन

बीजशब्द : उष्णतावाहक लेप, ऊष्मीय रोध, शाखायुक्त खाचा, चिप

प्रस्तावना :
संगणकाच्या चिपमध्ये निर्माण होणारी उष्णता तांब्याच्या शीतकाकडे जाताना दोन घन पृष्ठभागांच्या संधीतून जाते. हे पृष्ठभाग सपाट दिसले तरी सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतात व त्यांच्यामधील पोकळीत हवा राहते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन आहे. हवेची केवळ ०.०२६. म्हणून सिलिकोन तेलात धातूचे वा सिरॅमिकचे कण मिसळून केलेल्या लेपाने ही पोकळी भरतात. हा लेप पातळ व्हावा यासाठी कोरल्या जाणाऱ्या खाचांचे तत्त्व प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

समस्येचे स्वरूप :
जाडीला वाहकतेने भागले असता लेपाचा ऊष्मीय रोध मिळतो. वाहकता ४ व जाडी ५० मायक्रोमीटर मानल्यास, दर चौरस सेंटिमीटरमधून १०० वॅट उष्णता वाहताना केवळ लेपातच १२.५ अंश सेल्सिअसचा फरक पडतो. जाडी निम्मी झाल्यास तो ६.२५ अंश होईल. परंतु लेप दाबणे सोपे नाही. स्टीफनच्या समीकरणानुसार, साध्या द्रवाच्या बाबतीतही, फट निम्मी झाली की त्याच बलाने ती मिटण्याचा वेग एक-अष्टमांश उरतो. बल वाढवावे, तर चिप व तिचे सोल्डरचे सांधे यांना धोका संभवतो. शिवाय चौकोनी चिपच्या कर्णांवर, जेथे प्रवाह दुभंगतो तेथे, कण साचतात व लेप जाडच राहतो.

खाचांचे कार्य :
आयबीएमच्या झुरिक येथील प्रयोगशाळेने २००६ मध्ये यावर एक उपाय मांडला. चिपला टेकणाऱ्या पृष्ठभागावर वृक्षाच्या शाखांप्रमाणे खाचा कोरावयाच्या, असे त्याचे स्वरूप होते. त्यामुळे लेपाला चिपच्या कडेपर्यंत नव्हे, तर जवळच्या खाचेपर्यंतच सरकावे लागते. वर्तुळाकार पृष्ठासाठी लागणारे बल त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असते. म्हणून एक-दशांश त्रिज्येच्या शंभर तुकड्यांना मिळून, आदर्श स्थितीत, मूळ बलाचा शंभरावा भागच पुरतो. मात्र लांब व अरुंद खाच स्वतःच प्रवाहाला अडवते. यास्तव बारीक खाचा क्रमाने रुंद खाचांना मिळणे आवश्यक ठरते.

इष्टतम रचना :
खाचेत लेपाचा थर जाड असल्याने तेथून उष्णता कमी वाहते. खाचांतून उष्णता मुळीच जात नाही असे मानू. त्यांनी १५ टक्के क्षेत्र व्यापले व उर्वरित लेप २५ मायक्रोमीटरचा झाला, तर तापमानफरक सुमारे ७.४ अंश येतो, म्हणजे १२.५ अंशांच्या तुलनेत लाभ स्पष्ट आहे. खाचांनी ५० टक्के क्षेत्र व्यापल्यास तो पुन्हा १२.५ अंश होतो व सर्व लाभ नाहीसा होतो.

निष्कर्ष :
खाचांची संख्या वाढविणे हे उद्दिष्ट नसून, कमीत कमी क्षेत्र व्यापून लेपाला जवळची वाट देणे हे आहे. अधिक वाहक लेपाचा शोध महत्त्वाचा आहेच; परंतु आहे तोच लेप वापरून, केवळ पृष्ठभागाच्या भूमितीत बदल करूनही ऊष्मीय रोध घटविता येतो.